पश्चिमेकडचे ट्रे

दत्ता, गेल्या आठवड्यात रोपांच्या ट्रेंची पाहणी संपली. चोवीस ट्रे होते. सहा वर्षांपूर्वी तू माझ्या गेटबाहेर उभा राहून बारा मागितले होतेस आणि मी एकही दिला नव्हता. आता दुप्पट दिले, तेही मागायला तू उरला नाहीस तेव्हा. इतका उलटा सौदा मी आयुष्यात केला नाही.

तुझ्या दशक्रियेला घाटावर उभं राहायला जागा नव्हती. डिंभ्याच्या वरच्या अंगाची तुझी माणसं जीप करून आली होती, येडगावचं निम्मं गाव होतं आणि विद्यार्थी तर किती ते कुणाला सांगता आलं नसतं. मग माइक आला. एक म्हणाला, सरांनी पिढ्या घडवल्या. दुसरा म्हणाला, असा शिक्षक पुन्हा होणार नाही. तिसऱ्यानं तर तुला दीपस्तंभच करून टाकलं. मी मागं लिंबाखाली उभा होतो आणि माझ्या कानात तुझा एकच शब्द वाजत होता. कशावरून? एकानंही सांगितलं नाही, कशावरून. तू असतास तर तिघांनाही वही परत दिली असतीस.

माझंही नाव पुकारलं. मी हातानंच नाही म्हटलं. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही. दुःख होतंच. पण माझा राग अजून उतरला नव्हता, आणि गेलेल्या माणसावर रागावलेला माणूस माइकवर काय बोलणार?

राग कसला ते तुला ठाऊक आहे. हे वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तू मध्ये बोलू नकोस.

नारायणगावात आठवीला आपण एका बाकावर आलो. तू डोंगरातून आलेला, होस्टेलवर राहणारा, डब्यात नाचणीची भाकरी आणि दिवसाला जेमतेम दहा शब्द. मी दहावीनंतर शाळा सोडली आणि टोमॅटोच्या बाजारात उभा राहिलो. तू शिकत राहिलास, पण सुट्टीत माझ्याकडे क्रेट उचलायला यायचास. पहिल्याच दिवशी मी तुला एका गाडीवर पाठवलं, माल बघून ये म्हणून. तू परत येऊन म्हणालास, "चांगलाय. समदा लाल, एकसारखा."

मी गेलो, एक क्रेट उचललं आणि ताडपत्रीवर पालथं केलं. वरचे दोन थर आरशासारखे. खाली हिरवे, चिरलेले, लिंबाएवढे.

"वरचा थर समदेच लावतात, दत्ता. खालचा बघायचा असतो."

तू त्या ढिगाकडे इतका वेळ बघत राहिलास की गाडीवाला वैतागला. "पावणं, टोमॅटो कधी बघितलं न्हाई का?" तू त्याच्याकडे लक्षच दिलं नाहीस. मला म्हणालास, "बबन्या, परीक्षेच्या पेपरात आमची समदी उत्तरं अशीच असतात राव. वर एक थर."

पुढं मास्तर झालास तेव्हा तू माझ्याकडून एक क्रेट मागून नेलंस आणि प्रयोगशाळेच्या टेबलाशेजारी कायमचं ठेवलंस. पोरांनी कुठलंही शास्त्रीय कारण लिहिलं की तुझे तीन प्रश्न ठरलेले. तुझं म्हणणं काय? तू स्वतः काय बघितलंस, काय मोजलंस? आणि जे बघितलंस त्यातून तुझं म्हणणं निघतं कसं? पहिल्याला पोरं फटाफट उत्तर द्यायची. दुसऱ्याला लिहायची, पुस्तकात दिले आहे, सरांनी सांगितले आहे. तिथं तू लाल पेनानं लिहायचास, "सर चुकले तर?" तिसऱ्या प्रश्नाला मात्र वर्ग गार. मग तू क्रेटवर हात ठेवायचास. "करा पालथं."

हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा तुझ्या वर्गाच्या खिडकीशी उभा होतो. एक पोरगी उठून म्हणाली, "सर, खिळा पाण्यात ठेवला, गंजला. म्हणून पाण्यामुळं गंज येतो." तू विचारलंस, "आणि हवा? ती काय पाणी बघून वर्गाबाहेर गेली व्हती?" वर्ग हसला, पोरगीही हसली. तास संपला तरी तू उत्तर सांगितलं नाहीस. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सांगून टाक की. पोरांचा टाइम कशाला घालवतो?" तू म्हणालास, "तू पहिल्याच बोलीला माल सोडतोस का?"

आयुष्यात मला गप्प बसवणारी माणसं दोन. दुसरी माझी आई.

मग येडगावात माझी नर्सरी झाली. टोमॅटोची रोपं तयार करून शेतकऱ्यांना द्यायची. कुणाचा हात नव्हता माझ्या डोक्यावर. पहिलं शेडनेट, ऊन अडवणारी ती जाळी, मी स्वतः खांबावर चढून ताणलंय. आणि सहा वर्षांपूर्वी ऐन उन्हाळी लागवडीच्या तोंडावर रोपांच्या पानांच्या कडा जळायला लागल्या. एका शेतकऱ्यानं ट्रे आणून माझ्या पायाशी आदळला. "शेठ, ही रोपं हायती का तंबाखू?" चार लोकांत. नर्सरीवाल्याकडे विकायला रोपं नसतात रे, नाव असतं. रोपं त्याच्यामागून जातात.

मी सगळीकडे सांगत सुटलो, कोकोपीट खारट आलंय, ट्रेत भरायचा नारळाचा भुसाच खराब. तू एकदा आलास, ट्रे हातात घेतलास आणि नेहमीचा शब्द काढलास. "कशावरून?"

"कशावरून म्हंजी? जिभेवर ठेवून बघितलं मी."

"आन् बोअरचं पाणी? ते ठेवलंस जिभेवर?"

मला तेव्हाच राग आला होता. पण तू म्हणालास, नववीच्या पोरांना विषय पाहिजे, थोडे ट्रे दे, बघू काय निघतं. मी दिले. मला वाटलं, कोकोपीटवाल्याला दाखवायला शाळेचा कागद मिळेल.

पोरांनी एकाच पोत्यातलं कोकोपीट सगळ्या ट्रेंत भरलं. निम्म्या ट्रेंना माझ्या बोअरचं पाणी घातलं, निम्म्यांना कॅनॉलचं, कॅन भरून आणलेलं. विज्ञान दिनाला प्रदर्शन ठेवलंस. मांडव माझा, म्हणून प्रमुख पाहुणाही मीच. फेटा बांधून घेतला, नारळ फोडला, फीत कापली आणि पहिल्याच चार्टपुढं उभा राहिलो. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, नर्सरीतील रोपांची पाने जळण्याचे कारण: बोअरचे पाणी.

नर्सरीचं नाव नव्हतं. पण येडगावात नर्सऱ्या किती आहेत? आणि मागं कोण उभं होतं? सगळं माझं गिऱ्हाईक.

चार्टजवळ रेश्मा होती, हातात छडी घेऊन, पाठ केल्यासारखी बोलत. कॅनॉलच्या पाण्याचे ट्रे हिरवे, बोअरच्या पाण्याचे जळालेले, कोकोपीट एकच, म्हणून कारण पाणी. लोक माना डोलवायला लागले. माझं डोकं तापलं, पण तापल्यावर मला जास्त दिसतं.

"पोरी, बोअरचे ट्रे कुठं ठेवले व्हते?"

"पश्चिमेकडं, काका. बोअरचा नळ तिकडंच हाय ना."

"आन् कॅनॉलचे?"

"गेटपाशी. पूर्वेला. कॅन तिथंच उतरवायचो."

"पश्चिमेचं शेडनेट फाटलेलं हाय का न्हाई?"

ती तुझ्याकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "हाय."

"मग दुपारचं ऊन कुणाला लागलं? पाण्यानं जळालं का उन्हानं, ह्ये तुला कसं कळलं?"

आणि तू, दत्ता, तू सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालास, "बघा रे पोरांनो, क्रेट असं पालथं करायचं असतं!" लोक हसले. सगळा मांडव हसला.

तू माझी टर उडवलीस असं मला वाटलं. माझ्याच मांडवात, माझाच फेटा माझ्या डोक्यावर असताना. मी जेवण न करता निघालो. तिसऱ्या दिवशी तू गेटवर आलास. मी म्हणालो, "आत पाय टाकायचा न्हाई."

"न्हाई टाकत. भायेर उभा राहून मागतो. बारा ट्रे दे. बोअरचे निम्मे पूर्वेला, निम्मे पश्चिमेला. कॅनॉलचे तसेच. तुझा प्रश्न बरोबर हाय, म्हणून परत करायचंय."

"एक ट्रे न्हाई मिळायचा."

"दहा?"

आयुष्यात पहिल्यांदा तू घासाघीस करत होतास, आणि मी गेट लावलं.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. त्या रात्रीच, चूल पेटवून नव्हे, गॅसवर, मी दोन वाट्यांत पाणी आटवलं. एकात बोअरचं, एकात कॅनॉलचं. बोअरच्या वाटीच्या तळाला पांढरा थर बसला. मी वाटी घासून ठेवली आणि बायकोलाही काही बोललो नाही. त्याच वर्षी मे महिन्यात शेततळं खोदलं, कॅनॉलला पाणी सुटलं की ते भरून घ्यायला लागलो, आणि फाटलेलं नेटही बदललं. पुढच्या वर्षापासून रोपं अशी झाली की लांबून लांबून लोक यायला लागले. ट्रे आदळणारा तो शेतकरीही आला. आज माझी जी काही नर्सरी आहे ती त्या शेततळ्यावर उभी आहे, आणि शेततळं तुझ्या पोरांच्या चार्टवर. हे मी कुणाला कळू दिलं नाही.

तुला कळलं होतं, हे मला माहीत आहे. गावातल्या एका लग्नात आपण पंगतीत समोरासमोर आलो तेव्हा तू म्हणालास, "शेततळं झ्याक झालंय."

"माशांसाठी खोदलंय."

"हां. मासं गोड्या पाण्यातलं असतील."

मी जिलबी तशीच ठेवून उठलो. सहा वर्षांत आपण एवढंच बोललो, दत्ता. तीन वाक्यं. त्यातलं माझं एक, तेही खोटं.

दशक्रिया उरकल्यावर एक उंच मुलगी माझ्याकडे आली. मी ओळखलं नाही. "काका, मी रेश्मा. बोअरच्या चार्टवाली. आता अवसरीला असते, इंजिनिअरिंगला." मला वाटलं, पाया पडेल. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमच्यामुळं माझा चार्ट तालुक्याच्या प्रदर्शनाला गेला नाही."

"माझ्यामुळं?"

"सरांनी पाठवलाच नाही. त्याच्यावर लाल पेनानं लिहिलं, आक्षेप बरोबर, प्रयोग पुन्हा, तोपर्यंत निकाल नाही. मी दोन दिवस रडले. आई सरांना बोलायला शाळेत गेली. सर म्हणाले, आधी नर्सरीवाल्याकडून ट्रे आणा, मग पाठवतो." ती माझ्याकडे अशी बघत होती की मी नजर नदीकडे वळवली. "दर वर्षी नववीला ते तुमचाच प्रश्न द्यायचे. नर्सरीवाल्याचा प्रश्न म्हणायचे. माझा चार्ट लावायचे आणि विचारायचे, ह्यात भोक कुठं आहे? ज्या पोराला सापडेल त्याला म्हणायचे, तू नर्सरीवाल्याच्या तोडीचा झालास."

मी म्हणालो, "पण मी शेततळं केल्यावर रोपं सुधारली, हे तर त्याला दिसत व्हतं. मग कारण पाणीच, असं सांगून टाकायचं की."

"ते आम्हीही विचारलं. सर म्हणाले, शेठनी पाणीपण बदललं आणि नेटपण बदललं, दोन्ही एकदम. आता त्यावरून काय कळणार, कपाळ?"

दत्ता, घाटावर, सगळ्यांच्या समोर, मी हसलो. लोकांनी वळून बघितलं. मग डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यांना बरं वाटलं असावं.

सहा वर्षं मी समजत होतो की तू गावभर मला दोषी ठरवत फिरतोस. आणि तू एका वर्गालासुद्धा ठरवू दिलं नव्हतंस. मांडवात हसले ते माझ्यावर हसले नाहीत, हे मला आता कळतंय. तू मला शाबासकी दिली होतीस. ती माल ओरडून विकल्यासारखी दिलीस, ही चूक तुझी. मी ती आजही सोडणार नाही. माणसाला बाजूला घेऊन सांगता येत नाही का?

रेश्मा म्हणाली, "ट्रे द्या आता. चाळीस पाहिजेत."

"दहा."

"सर तुम्हाला घाबरायचे. मी नाही. छत्तीस."

चोवीसवर सौदा पटला. आणि मी माझ्या हातानं पश्चिमेकडचं धडधाकट नेट सोडून गुंडाळून ठेवलं, कारण ती म्हणाली, तेव्हा ऊन येत होतं तसंच आता आलं पाहिजे. बंद ठेवलेल्या बोअरची मोटर पुन्हा चालू केली. तिनं तुझ्या शाळेतल्या यंदाच्या नववीच्या पोरांना कामाला लावलं. पोरं रोज शाळेच्या आधी यायची, दोन्ही पाणी एकाच मापानं मोजून घालायची, पानं मोजून वहीत लिहायची. मी खुर्ची टाकून राखण करायचो, कुणी ट्रे सरकवू नये म्हणून. एका पोरानं मला विचारलं, "काका, तुमाला काय वाटतं, कशानं जळतील?" मी म्हणालो, "मला काय वाटतं त्याला कोण विचारतंय? बघ आणि लिही." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, हे कुणाचं बोलणं.

शेवटी रेश्मा म्हणाली, स्पष्टीकरण तुम्ही लिहा, प्रश्न तुमचा होता. मी चार वेळा लिहिलं. पहिल्या वेळी मी एकच ओळ लिहिली होती, पाण्यानं जळतात. तिनं लाल पेनानं विचारलं, "कशावरून?" दुसऱ्या वेळी सगळे आकडे लिहिले, तर म्हणे, हा नुसता ढीग झाला, यातून म्हणणं निघतं कसं ते कुठाय? तिसरा कागद मी फाडला आणि तिच्यावर ओरडलो. ती चहा पीत बसून राहिली. तुझीच शिकवण. हा चौथा कागद आहे, जसाच्या तसा.

माझं म्हणणं असं की रोपांची पानं मुख्यतः बोअरच्या पाण्यानं जळतात आणि ऊन त्यात भर घालतं. आम्ही एकाच पोत्यातलं कोकोपीट आणि एकच बियाणं घेतलं. शेततळ्याच्या पाण्याचे सहा ट्रे पूर्वेला होते, त्यातला एकही जळाला नाही. त्याच पाण्याचे सहा पश्चिमेला उन्हात होते, त्यातल्या दोन ट्रेंमधल्या पानांच्या कडा थोड्या करपल्या. बोअरच्या पाण्याचे सहा पूर्वेला सावलीत होते, ते सहाही जळाले. बोअरचे पश्चिमेकडचे सहाही जळाले आणि ते सगळ्यांत जास्त. म्हणजे ऊन सारखं ठेवून पाणी बदललं की मोठा फरक पडतो, आणि पाणी सारखं ठेवून ऊन बदललं की लहान. दोन्ही पाणी आटवून पाहिलं, बोअरच्या वाटीत पांढरा क्षार उरतो. रोप पाणी ओढतं, ऊन पाणी उडवतं, क्षार मात्र ट्रेमध्येच साठत जातो. जिथं ऊन जास्त तिथं पाणी लवकर उडतं आणि उरलेल्या ओलीत क्षार जास्त होतो, म्हणून पश्चिमेकडचे बोअरचे ट्रे सगळ्यांत वाईट झाले असावेत. शेततळ्याचे दोन ट्रे कशानं करपले ते आम्हाला नक्की सांगता येत नाही. ऊन असेल. कोकोपीट खारट होतं या माझ्या जुन्या म्हणण्याला या प्रयोगात काही आधार मिळाला नाही.

शेवटचं वाक्य लिहायला मला एक आख्खी सकाळ लागली, दत्ता.

हा कागद आता शाळेत लागेल, रेश्माच्या चार्टशेजारी. तिच्या चार्टवरचं तुझं लाल पेन आम्ही पुसलं नाही. गावातले लोक वाचतील. माझं गिऱ्हाईक वाचेल की त्या वर्षी माझ्याच पाण्यानं त्यांची रोपं जळाली आणि मी दुसऱ्याचं नाव घेत फिरलो. वाचू देत. रोपं कशी आहेत ते आज त्यांना शेतात दिसतंय.

तू बरोबर होतास. मीही होतो, थोडा, पश्चिमेच्या बाजूनं. माझ्या वाट्याचं तेवढं मी तुला सोडणार नाही, आणि सोडलं असतं तर तूच वही परत दिली असतीस.

कागद घडी न घालता तुझ्या त्या क्रेटवर ठेवून आलोय. वर जे लिहिलंय तेच खाली आहे. कर पालथं.